जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू व्हायला त्रास देते? पंप उघडण्याआधी या क्रमानं तपासा

वाशीच्या मार्केटला पहाटे माल भरायला जाणाऱ्या जुन्या पिकअपवाल्यांची एक तक्रार कायम कानावर येते: गाडी सकाळी पटकन सुरू होत नाही, पाच-सहा वेळा सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मारावा लागतो. त्यावर बहुतेक जण करतात तेही ठरलेलं. आधी नवी बॅटरी घेतात. फरक पडत नाही म्हणून सेल्फ उतरवून ब्रश-बुश बदलतात. तरी जमलं नाही की डिझेल पंप आणि नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) पंपवाल्याकडे पाठवतात. तोवर हजारो रुपये गेलेले असतात, भाडी बुडालेली असतात. आणि पुष्कळदा दोष निघतो तो इंजिन-चेसी जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत, नाहीतर डिझेल फिल्टरवरच्या एखाद्या चेपलेल्या वॉशरमध्ये.

चूक क्रमात आहे. आधी मोजायचं, मग बदलायचं, आणि स्वस्त जागेपासून महाग जागेकडे जायचं. पुढचे टप्पे त्याच क्रमानं दिले आहेत. टप्प्यातच तसं सांगितलं नसेल तर मधला टप्पा गाळून पुढे उडी मारू नका.

ही माहिती मुख्यतः १२ व्होल्टच्या, मेकॅनिकल पंपाच्या डिझेल पिकअपसाठी आहे: जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ डीआय यांसारख्या गाड्या. कॉमन रेलवाल्यांसाठी (संगणकानं चालणारी, जास्त दाबाची डिझेल यंत्रणा) वेगळा टप्पा शेवटाकडे आहे. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांना यातला फक्त बॅटरी-सेल्फचा भाग लागू पडेल.

तयारी

तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करायची. आदल्या संध्याकाळी ठरवून गाडी सपाट जागी लावा आणि सकाळी कोणालाही किल्ली फिरवू देऊ नका. एकदा इंजिन सुरू होऊन गरम झालं की निम्मे पुरावे गेले.

जवळ ठेवायचं सामान: डिजिटल मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, ८ ते १९ नंबरचे पाने, वायर ब्रश, पॉलिश पेपर, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन, डिझेलमध्ये टिकेल अशी हातभर पारदर्शक नळी, काचेची रिकामी बरणी, आपल्या गाडीच्या मापाचे नवे वॉशर, नवा डिझेल फिल्टर आणि लिटरभर स्वच्छ डिझेल. किल्ली फिरवायला एक माणूस लागेलच. मल्टीमीटर साधा चालेल, पण त्याच्यावाचून हे काम करू नका. हॉर्न वाजतोय, लाइट लागतोय म्हणजे बॅटरी चांगली, हा अंदाज रोज लोकांना फसवतो. हॉर्नला लागणारा करंट आणि सेल्फला लागणारा करंट यांची तुलनाच होत नाही.

सावधान: गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावलेले. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, तिच्यातून निघणारा हायड्रोजन पेट घेतो. केबल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

टप्पा १ : तक्रार नेमकी करा

'स्टार्टिंगला त्रास' हे एका आजाराचं नाव नाही. पाना हातात घेण्याआधी तीन गोष्टी बघा.

१. सेल्फ कसा फिरतो? रोजच्या वेगानं की मरगळल्यासारखा, कण्हत? संथ फिरत असेल तर टप्पा २ वरच थांबा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा झपाट्यानं दाबली जाऊन तापली तरच डिझेल पेटतं. इंजिन संथ फिरलं की ती उष्णता दाबता दाबताच निसटते. म्हणून सेल्फ 'फिरतो तर आहे' एवढं पुरत नाही.

२. सायलेन्सरमधून काय येतंय? हे जवळजवळ कोणीच बघत नाही, आणि फुकटात सगळ्यात जास्त सांगून जाते ती हीच खूण. एकानं सेल्फ मारावा, दुसऱ्यानं मागे उभं राहून बघावं. सेल्फ जोरात फिरतोय आणि धूर अजिबात नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. टप्पा ३ कडे जा. पांढरट-राखाडी धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही: दोष फिरण्याचा वेग, हीटर प्लग (सिलिंडर आधी तापवणारे), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) यांत. काळा धूर असेल तर आधी एअर फिल्टर उघडा.

३. कधी होतं? फक्त सकाळी, की गाडी तापल्यावर? सुरू होऊन दहा-वीस सेकंदांत बंद पडून पुन्हा त्रास देते का? हे शेवटचं लक्षण डिझेल लाइनमध्ये हवा शिरल्याचं असतं.

आणखी एक खूण जुन्या ड्रायव्हरांना पाठ असते: धक्क्यावर गाडी लगेच सुरू होत असेल तर पंप-नोजलला हात लावू नका. इंजिन आणि डिझेल ठीक आहे, दोष बॅटरी ते सेल्फ या वाटेवर आहे.

सावधान: एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. सलग मारत राहिल्यानं मूळ दोष तसाच राहतो आणि सेल्फ जळून दुसरा दोष तयार होतो.

टप्पा २ : बॅटरी ते सेल्फ

ठाणे-नवी मुंबईत थंडीला दोष देण्यात अर्थ नाही. इथं डिसेंबर-जानेवारीतही पारा क्वचितच १५ अंशांच्या खाली उतरतो. इथला खरा शत्रू खाडीवरून येणारी खारी दमट हवा. ऐरोली, कोपरी, बेलापूर अशा खाडीकाठी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टर्मिनल आणि अर्थिंगचे जोड लवकर खराब होतात, आणि वरून ते दिसतही नाही.

पहिलं माप, किल्ली फिरवण्याआधी. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर टोकं लावा. टोक टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, मधल्या शिशाच्या खुंटीवरच टेकवायचं. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.४ पेक्षा कमी दिसलं तर आधी बॅटरी नीट चार्ज करा. अर्धवट चार्ज बॅटरीवर घेतलेली पुढची सगळी मापं फसवी निघतील.

दुसरं माप, सेल्फ फिरताना. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पंपावरच्या कट-ऑफ सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून ठेवा, किंवा स्टॉपरची केबल असेल तर ती ओढून धरा. मग पाच-सात सेकंद सेल्फ मारा आणि मीटर बघा. चार्ज झालेल्या बॅटरीचं व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. खाली जात असेल तर बॅटरी दमली आहे किंवा सेल्फ जास्त करंट खेचतोय. ओळखीच्या गाडीची चांगली बॅटरी तात्पुरती लावून बघितली की दोघांत दोषी कोण ते कळतं. उलट व्होल्टेज ११ च्या वर टिकून आहे आणि सेल्फ तरी कण्हतोय, अशा वेळी नवी बॅटरी घेणं म्हणजे निव्वळ पैसे घालवणं. करंट वाटेतच कुठेतरी अडतोय.

तो कुठे अडतोय हे तिसरं माप सांगतं, आणि या लेखातलं हेच एक माप तुम्ही शिकलात तरी पुष्कळ खर्च वाचेल. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरं सेल्फवरच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारा. ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर प्लस केबल किंवा तिचे लग (टोकाचे जोड) खराब आहेत. आता एक टोक मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिन ब्लॉकवर, रंग खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. सेल्फ मारताना इथं ०.३ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंग गेलं. जुन्या गाड्यांत हाच आकडा सर्रास वाढलेला सापडतो. क्लचचं काम करताना गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी काढली जाते आणि नंतर ती एकतर लावलीच जात नाही, नाहीतर रंगावर किंवा गंजावर तशीच आवळली जाते.

दुरुस्ती सोपी आहे. टर्मिनल काढा. पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत होईपर्यंत घासा, कोरडी करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी ग्रीस फासून मग आवळणं ही नेहमीची चूक. अर्थिंगच्या दोन्ही टोकांखालचा रंग खरवडा. केबलच्या लगजवळचं आवरण फुगलेलं किंवा आतली तार काळी पडलेली दिसली तर केबलच बदला, तुकडा जोडू नका.

आवाजावरूनही अंदाज येतो. भरभर टकटकटक होत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकच जोरदार 'टक' आणि पुढे काही नाही, आणि बॅटरीचं व्होल्टेजही पडत नाही: सेल्फच्या सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या चुंबकी स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा ब्रश. सेल्फ भिरभिरतो पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनाशी जोडणारं दातेरी चाक). सेल्फ उतरवण्याचा निर्णय या मापांनंतरच घ्या.

बॅटरी चांगली असून रोज सकाळी उतरलेली सापडत असेल तर दोन गोष्टी तपासा. इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत, नसतील तर बेल्ट आणि डायनामो बघा. दुसरं, सगळं बंद असताना मायनस केबल काढून मीटर १० अँपिअरवर मध्ये जोडा. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत असेल तर एकेक फ्यूज काढत चोर शोधा. मागाहून बसवलेला टेप, केबिनमधला पंखा, एलईडी पट्ट्या, जीपीएस यांच्या थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी आधी संशयात घ्या.

सावधान: मीटर असा मध्ये जोडलेला असताना किल्ली फिरवू नका, मीटर जळेल. आणि जंप लावायचा झाला तर फक्त १२ व्होल्टच्या गाडीवरून. मार्केटमध्ये किंवा कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये शेजारी उभा असलेला मोठा ट्रक बहुतेकदा २४ व्होल्टचा असतो. त्याच्यावरून जंप लावल्यानं सेल्फ, बल्ब, डायनामो, सगळंच धोक्यात येतं.

टप्पा ३ : डिझेल पोचतंय का, आणि सोबत हवा शिरतेय का

सेल्फ जोरात फिरतोय, धूर नाही, किंवा सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावरच गाडी पकडते. बहुतेक वेळा रात्रीत डिझेल मागे टाकीकडे उतरलेलं असतं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. "कुठे डिझेल गळत नाही, मग लाइन ठीक आहे," असं ठामपणे सांगितलं जातं. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची) लाइन ओढणारी आहे, तिच्यात दाब नसतो. तिथला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर एक थेंब दिसणार नाही आणि गाडी मात्र सकाळी रडवेल.

१. टाकीचं झाकण उघडा. 'स्स' असा हवा आत खेचल्याचा आवाज आला तर झाकणाचा श्वास कोंडलाय. झाकण हरवलं म्हणून फडकं कोंबलं असेल तर ते आजच काढा. त्याचे धागे टाकीतल्या जाळीत जातात, आणि पावसात त्यातून पाणीही.

२. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करायचं काम आहे, त्रास झाल्यावर नव्हे.

३. आता मुख्य चाचणी, रात्रभर उभ्या गाडीवर, किल्लीला हात लावण्याआधीच (आज सेल्फ मारला असेल किंवा फिल्टरमधून डिझेल काढलं असेल तर दुसऱ्या सकाळी). हँड प्रायमर (हातानं डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) दाबा. दोन-चार दाबांत घट्ट लागला तर लाइन भरलेली आहे. पंधरा-वीस दाब पोकळ गेले आणि मग घट्ट लागला तर डिझेल रात्रीत उतरलं होतं. प्रायमर घट्ट झाल्यावर सेल्फ मारा. गाडी लगेच पकडली तर निदान झालं: डिझेल मागे जातंय. नोजल सोडवायची गरज नाही.

४. हवा कुठून शिरते ते शोधा. फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या कमी दाबाच्या होजच्या जागी पारदर्शक नळी लावा, क्लिप नीट आवळा, प्रायमरनं लाइन भरून इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटात दिसणारे बुडबुडे सोडून द्या. त्यानंतरही मोहरीएवढे बुडबुडे सतत येत राहिले तर हवा त्या नळीच्या मागून येतेय. मागे सरकत जा: फिल्टरचं सील, बँजो बोल्टचे (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, प्रायमर, फीड पंपाचा व्हॉल्व्ह, होजच्या क्लिपा, चेसीवर घासून पातळ झालेला पाइप. चिरा पडलेला रबरी होज बाहेरून ठीक दिसतो, तो वाकवून बघा.

५. तरीही सापडत नसेल तर बाटली लावा. स्वच्छ डिझेलची बाटली पंपापेक्षा उंच, गरम भागांपासून लांब बांधा आणि तिची नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. रात्रभर तशीच ठेवून सकाळी गाडी झटक्यात सुरू झाली तर दोष टाकी ते फीड पंप या भागात आहे. तरीही तोच त्रास राहिला तर तो भाग निर्दोष आहे, फीड पंपापासून पुढे बघा.

दोष काढल्यावर एअर काढण्याचा क्रम: आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत प्रायमर मारा आणि स्क्रू आवळा. मग पंपावरचा एअर स्क्रू, तसंच. शेवटी, गरज पडली तरच, नोजलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल दिसलं की आवळा. उलट क्रमानं केलंत तर मागची हवा पुन्हा पुढे येते आणि तासभर तेच करत बसाल.

सावधान: बँजोचे जुने वॉशर उलटे करून पुन्हा लावू नका. जोडाला टेफ्लॉन टेप किंवा एम-सील नको, सुटलेले तुकडे पंपात जातात. आणि कॉमन रेल गाडीत नोजलचे पाइप कधीही सैल करू नका. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो, ती धार कातडीतून आत घुसते.

टप्पा ४ : तीन छोट्या तपासण्या

कट-ऑफ सोलेनॉइड: किल्ली 'ऑन' केली की पंपावर हलका 'टक' ऐकू यायला हवा. नसेल तर टेस्ट लॅम्पनं त्याच्या वायरवर करंट येतो का बघा. सेल्फ मारतानाही तो यायला हवा, काही गाड्यांत किल्लीचा कॉन्टॅक्ट झिजल्यानं नेमका तेव्हाच जातो. स्टॉपरची केबल असेल तर पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येतोय का, ते हातानं पाहा.

एअर फिल्टर: भिवंडीच्या गोदामांकडे किंवा बांधकामाच्या साइटवर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी भरतो. काढून ठेवून एकदा सुरू करून बघा. फरक पडला तर नवा आणा. फिल्टरशिवाय गाडी चालवायची नाही.

हीटर प्लग: काही इंजिनांत ते नसतातच. असतील तर वरची जोडपट्टी काढून टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका प्लगला टेकवा. लॅम्प लागला नाही तो प्लग मेला.

सावधान: एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं बंद करा. हीटर प्लगच्या इंजिनात त्याचा आतच भडका उडतो, पिस्टन-रिंग तुटू शकतात, हात-तोंड भाजतं.

टप्पा ५ : सकाळी ठीक, तापल्यावर त्रास

घोडबंदरचा चढ भरलेल्या गाडीनं चढून आलात, चहाला थांबलात, आणि आता सुरू होत नाही. सेल्फ संथ फिरत असेल तर टप्पा २ ची मापं गरम गाडीवर पुन्हा घ्या. सेल्फचे बुश झिजलेले असतील तर तापल्यावर तो जड होतो. सेल्फ ठीक फिरतोय तरी पकडत नाही, आणि पंप रोटरी आहे (एकाच फिरत्या हेडमधून सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटणारा), तर पंपावर ओलं फडकं दहा-पंधरा मिनिटं ठेवा. त्यानंतर सुरू झाली तर पंपाचं हेड झिजलं आहे: तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतंय. गरम पंपावर बादलीनं गार पाणी ओतू नका, पंप जाम होऊ शकतो.

टप्पा ६ : कॉमन रेल असेल तर

टप्पा २ इथं जास्त महत्त्वाचा, कारण व्होल्टेज पडलं की ईसीयूच (इंजिनाचा संगणक) गडबडतो. फिल्टर आणि टाकीच्या तपासण्या त्याच. नंतर स्कॅनर लावून तीन गोष्टी बघायला सांगा: सेल्फ मारताना इंजिनाचा आरपीएम दिसतो का (नसेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर), रेलचा दाब चढतो का, आणि इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा) अडवतोय का. दाब चढत नसेल तर पंप बदलण्याआधी इंजेक्टरच्या रिटर्नची (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांची) चाचणी मागा. चारही नळ्या सारख्या बाटल्यांत सोडल्या की ज्याची बाटली इतरांपेक्षा खूप भरते तो इंजेक्टर दाब टिकू देत नाही.

टप्पा ७ : आता पंप, नोजल, कॉम्प्रेशन

इथवर सगळं ठीक निघालं आणि पांढरट धूर येतच असेल, तरच इथं या. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट) तपासून घ्या. ते घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटतं, खर्च मात्र किरकोळ. मग नोजल टेस्टरवर, मग पंपाचं टायमिंग, शेवटी कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशनला डिझेलचाच गेज लागतो. इंजिन सुरू असताना ऑइलचं झाकण काढल्यावर धूर भपक्यांनी बाहेर येत असेल तर रिंगांबद्दल विचारायची वेळ आली आहे.

पंपवाल्याकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं व्होल्टेज, दोन्ही केबलचे आकडे, धुराचा रंग, प्रायमर किती दाबांत घट्ट झाला, बाटलीवर काय झालं. हा कागद हातात असला की "सगळंच खोलून बघू" या वाक्याला तुमच्याकडे उत्तर असतं. काढलेले जुने भाग परत मागा.

काम झाल्यावर गॅरेजमध्ये गरम इंजिनावर एकदा सुरू करून दाखवलेली गाडी पास धरू नका. ती रात्रभर उभी ठेवा, सकाळी आधी प्रायमर दाबून बघा, मग मीटर लावून सेल्फ मारा आणि आकडे त्याच कागदावर जुन्यांच्या शेजारी लिहा.